माणूस चुकल्यावर गावाने काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विसर बराच वाढलेले ७४ वर्षांचे आजोबा पहाटे घराबाहेर पडले. उजाडल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं. दुपारपर्यंत शंभरेक माणसं शोधायला निघाली, मोटारसायकली बेळगाव, चंदगड, अगदी लोंढ्यापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी आजोबा घरापासून सहाशे मीटरवर उसाच्या फडात बसलेले सापडले, जिवंत पण अर्धमेले. ‘एवढी माणसं असून कसं चुकलं, पोलिसांनी एक दिवस थांबा म्हटलं ते बरोबर का, आणि पुढच्या वेळी गावाने काय करायचं?’ असं विचारलं आहे.

माणसं कमी पडली म्हणून हे चुकलेलं नाही. त्या फडाच्या बांधावरून दोन-तीन टोळ्या नक्की गेल्या असणार, आणि प्रत्येकीला वाटलं असणार की आतलं रान दुसऱ्यांनी बघितलंय. कुठलं रान कोणी, कधी, किती आत शिरून बघितलं हे कुणी लिहिलेलं नसलं की शंभर माणसं रस्त्याने फिरतात आणि उसात कुणीच शिरत नाही. म्हणून गावाची जबाबदारी म्हणजे जास्तीत जास्त लोक बाहेर काढणं, ही समजूत आधी सोडा. पहिलं काम वहीचं आहे.

वही एकाच माणसाकडे असावी. घरचा नको, कारण घरचा माणूस दर पाच मिनिटांनी उठून धावतो. पुढारीही नको, त्याला फोन फार येतात. दूध डेअरीचा सेक्रेटरी, शाळेचे गुरुजी, सोसायटीचा क्लार्क असं कुणीतरी, ज्याचं अक्षर वाचता येतं आणि ज्याचं ऐकतात. तो एका जागी बसेल: डेअरी, देऊळ किंवा समाजभवन. चुकलेल्या माणसाच्या अंगणात मात्र नको. तिथे गर्दी झाली की पावलांचे ठसे जातात, श्वानपथक आलं तर त्याला वास धरता येत नाही, आणि माणूस स्वतःच परत आला तर ती गर्दी बघून दाराशी न येता वळतो. वहीत चारच गोष्टी: टोळीतली नावं आणि एक फोन नंबर, कुठलं रान, निघायची वेळ, परतायची वेळ. परत आल्यावर एकच प्रश्न विचारायचा, ‘काय बघितलं नाहीत?’ काय बघितलं विचारलं की ‘सगळं बघितलं’ एवढंच उत्तर येतं. काय राहिलं विचारलं की विहिरीच्या पलीकडचा तुकडा, कुलूप लावलेलं पंपघर, लोळलेला ऊस ही नावं बाहेर येतात.

टोळ्या निघण्याआधी घर. हे सांगितलं की घरच्यांना राग येतो, पण दोन माणसांनी घर दुसऱ्यांदा पूर्ण तपासायचंच, आणि ती दोघं त्या घरची नकोत. माळा, कणगीच्या मागची जागा, पलंगाखाली, गोठा, गवतगंजीची सावलीची बाजू, परडं, पाण्याची टाकी, बंद पडलेली गाडी, शेजाऱ्याचं रिकामं घर. चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल हाका ऐकूनही गप्प राहतं, कारण एवढे लोक ओरडताहेत म्हणजे आपल्याला मार बसणार असं त्याला वाटतं, किंवा ते कुठेतरी झोपलेलं असतं. याला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत नाही.

त्याच अर्ध्या तासात दुसरा माणूस पोलिसांना कळवतो. चोवीस तास थांबायचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. १८ वर्षांखालचं मूल असेल तर प्रश्नच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ च्या आदेशात स्पष्ट केलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायची आणि पळवून नेलं असावं असं धरून तपास सुरू करायचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत म्हातारपण, आजार, विसर, आत्महत्येची भीती, घातपाताचा संशय यातलं जे असेल ते तक्रारीच्या पहिल्या दोन ओळींत यावं. ‘वडील घरातून निघून गेले’ असं लिहिलं की तो अर्ज फाइलमध्ये जातो. ‘७४ वर्षांचे वडील, स्मरणशक्ती गेलेली, रक्तदाबाची गोळी चालू, पहाटेपासून अन्नपाण्याविना’ असं लिहिलं तर ठाण्यातून गाडी निघण्याची शक्यता वाढते. पोचपावती, नोंदीचा क्रमांक आणि तपास करणाऱ्याचा मोबाइल नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

आपल्या भागात हद्दीची अडचण तिहेरी आहे. बेळगाव शहर आणि आजूबाजूची काही गावं पोलीस आयुक्तांकडे, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा भाग जिल्हा पोलीस प्रमुखांकडे. ओढा ओलांडला की चंदगड, गडहिंग्लज, कागल, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. गुन्ह्याचा संशय असेल किंवा मूल असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते. साध्या बेपत्त्याच्या नोंदीसाठी आपलं ठाणं धरा, आणि तिथून पलीकडच्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला वायरलेसने वर्णन गेलं का हे नाव घेऊन विचारा. त्यावर विसंबून न राहता एका माणसाला नोंदीची झेरॉक्स आणि फोटो घेऊन पलीकडच्या ठाण्यात पाठवा. इथे भाषेचा घोळ होतो. आपल्या ठाण्यातली नोंद कन्नडमध्ये असते आणि चंदगडच्या ठाणे अंमलदाराला ती वाचता येत नाही. म्हणून एका पानावर वरती कन्नड, खाली मराठी असं वर्णन सुरुवातीलाच करून ठेवा. गावात एखादा तरी कन्नड शाळेत शिकलेला पोरगा असतोच, त्याला वहीवाल्याच्या शेजारी बसवा.

११२ ला फोन करताना एक काळजी घ्या. बाची, तुरमुरी, शिनोळीच्या पट्ट्यात मोबाइल कधी या राज्याच्या टॉवरला असतो, कधी त्या. फोन पलीकडच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. त्यामुळे पहिलं वाक्य ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव’ हेच. मुलासाठी १०९८, रेल्वेत बसल्याचा संशय असेल तर १३९, वृद्धांसाठी १४५६७.

आता शोध. घरापासून किंवा शेवटचं ज्या जागी नक्की कुणी बघितलं तिथपासून. ‘नक्की’ म्हणजे बघणाऱ्याने कपडे सांगितले पाहिजेत. ‘काल संध्याकाळी स्टँडवर दिसले वाटतं’ यावर गाड्या पळवू नका. एक जण जाऊन खात्री करेल, बाकीचे जागा सोडणार नाहीत. आधी तीनशे मीटर, मग एक किलोमीटर, मग तीन. विसर पडलेला म्हातारा माणूस सहसा रस्ता धरून निघतो आणि पाय नेतील तसा सरळ जात राहतो. वाटेत कुंपण, चिखल, उसाची दाट सरी, काटेरी झुडूप लागलं की तिथे अडकतो, आणि मागे वळायचं त्याला सुचत नाही. अडकला की बसतो. हाक मारली तरी ओ देत नाही. त्यामुळे तो बहुधा रस्त्यावर न सापडता रस्ता जिथे वळतो तिथून सरळ पुढे, पाच-पन्नास पावलं आत सापडतो. पाणंदीच्या प्रत्येक वळणावर सरळ पुढचं रान बघा.

त्याचं जुनं आयुष्यही विचारात घ्या. वडगाव-शहापुरात चाळीस वर्षं माग चालवलेला विणकर पहाटे उठून ‘कामावर’ निघतो. निपाणीच्या तंबाखू वखारीत काम केलेली बाई वखारीच्या दिशेने जाते, आणि बऱ्याच म्हाताऱ्या माहेरचा रस्ता धरतात, माहेरात कुणी उरलेलं नसलं तरी. जुनी दिशा आणि वरचं ‘सरळ पुढे’ एकत्र मांडलं की पहिल्या दोन तासांत कुठलं रान बघायचं ते ठरतं.

ऊस हा आपल्या भागातला सगळ्यात फसवा भाग, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. उभ्या आठ-दहा फुटी उसात दोन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. दहा-दहा मीटरवर उभं राहून रांगेने जायची पद्धत माळावर चालते. तिथे बारा माणसं १२० मीटरचा पट्टा घेत तासाला एक किलोमीटर सरकली तर तीस एकराच्या आसपास रान होतं. उसात त्याच पद्धतीने गेलात तर काहीच बघितलं नाही असं समजा. उसात एका माणसाने दोन सऱ्या घ्यायच्या. चार फुटी सरी धरली तर दहा माणसांचा पट्टा ८० फुटांचा होतो, म्हणजे साधारण साडेपाचशे फूट आत गेलं की एक एकर. ऊस लोळलेला असेल तर त्याला अर्धा तास लागतो. दहा एकराला दहा माणसं आणि पाच तास. हा हिशोब आधी मांडला तर कळेल की गावाभोवतीचा सगळा ऊस एका दिवसात होत नाही, मग कुठला आधी हे ठरवावंच लागेल.

ते ठरवायची खूण बांधावर असते. उजाडता उजाडता, ऊन यायच्या आत, दोन माणसांनी फक्त बांधांवरून फिरायचं. गवतावरचं दव पांढुरकं दिसतं. त्यातून कुणी गेलं असेल तर काळपट ओळ उमटते आणि ती तासा-दीड तासात जाते. जिथे ओळ उसात शिरते तिथे पाल्याचं टोक आतल्या बाजूला वळलेलं किंवा मोडलेलं दिसतं. डुक्कर शिरलं असेल तर मोड गुडघ्याच्या खाली असते, माणूस शिरला असेल तर कमरेला-खांद्याला. सरीत पाणी दिलेलं असेल तर पावलाचा ठसा मिळतोच. ठसा मिळाला की त्यावर घमेलं पालथं घाला, शेजारी काठी रोवा आणि एक माणूस तिथे थांबू दे. पायात कुठली चप्पल होती, तिच्या तळाची नक्षी कशी होती हे घरी विचारून त्याच जोडीतली जुनी चप्पल असेल तर तिचा फोटो सगळ्या टोळ्यांना पाठवा. हवाई चपलेच्या टाचेची झीज प्रत्येकाची वेगळी असते.

शिरताना अंगभर कपडे, बूट, हातात काठी. उसाची पानं कापतात आणि सरीत घोणस असते. बघून झालेल्या फडाच्या चारी कोपऱ्यांत चुन्याची फक्की टाका किंवा एकाच रंगाची चिंधी बांधा, नाहीतर पुढची टोळी पुन्हा तोच फड बघते. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी एकदम थांबायचं, शिट्टी वाजवायची आणि पूर्ण एक मिनिट गप्प राहायचं. उसात चालताना पाल्याचा आवाज एवढा असतो की तीस फुटांवरचं कण्हणं ऐकू येत नाही. शेजारच्या पाण्याच्या मोटारी तेवढ्यापुरत्या बंद ठेवायला सांगा. हाक मारताना घरात ज्या नावाने बोलावतात त्याच नावाने. गावात ज्यांना ‘पाटील’ म्हणतात ते आप्पा ‘पाटील’ या हाकेला उत्तर देतीलच असं नाही, विसर वाढलेल्या माणसाला लहानपणचं नाव आधी पोचतं.

गळीत हंगामात आणखी एक काम आहे. पाचट पेटवणं आणि हार्वेस्टर चालवणं शोध संपेपर्यंत थांबवायचं, निदान त्या शिवारात. पंच कमिटीने दवंडी देऊन सांगावं, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला जाऊन सांगावं, आणि ज्या फडाला तोड आलीच आहे तो आधी बघून द्यावा. तोडकरी रोज भल्या पहाटे फडात असतात आणि त्यांना सगळं दिसतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. रात्री थ्री फेज आली की पाणी पाजायला जाणारे शेतकरी, वीज कंपनीचे (हेस्कॉमचे) लाईनमन, मेंढरं बसवलेले धनगर, दूध घालायला येणाऱ्या बायका यांना वर्णन द्या. डेअरीत सकाळ-संध्याकाळ जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी येतं. त्या दोन वेळेला भिंतीवर फोटो आणि वहीवाला तिथे, एवढं केलं तरी निम्म्या गावाला तोंडी माहिती जाते.

विहिरी. शिवारातल्या सगळ्या विहिरींची यादी करा, वापरातल्या आणि पडक्या दोन्ही. काठाला चप्पल, काठी, घसरल्याची खूण, पाण्यावर तेलकट तवंग हे बघा. आत उतरू नका. जुन्या बंद विहिरीत तळाला हवा नसते आणि एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे जातात, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं. गळ टाकायचा तो पोलीस आणि अग्निशामक दलाच्या समोर. पाण्यात बुडालेला देह उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर येतो, गार आणि खोल पाण्यात जास्त दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी बघितलेली विहीर तिसऱ्या, पाचव्या दिवशी पुन्हा बघायची. वहीत तसा रकाना ठेवा.

नदीचा संशय असेल तर आधी पाणी कुठे जातं ते बघा. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी या महाराष्ट्रातून आपल्याकडे येतात. कागल किंवा गडहिंग्लज भागात वाहून गेलेला माणूस चिकोडी, संकेश्वर, हिडकलच्या बाजूला लागू शकतो. मार्कंडेय राकसकोपहून काकतीमार्गे गोकाककडे जाते, मलप्रभा कणकुंबीहून खानापूरमार्गे नवीलतीर्थाकडे. म्हादई मात्र उलट, गोव्याकडे. त्यामुळे खानापूर तालुक्याच्या पश्चिम कडेला हरवलेल्या माणसाची चौकशी वाळपईच्या बाजूलाही लागते. बंधाऱ्यांच्या दारांपाशी, पुलाच्या खांबाला अडकलेल्या जलपर्णीत आणि नदीच्या वळणाच्या बाहेरच्या काठाला बघा. पावसाळ्यात पोहणाऱ्या पोरांना पाण्यात सोडणं ही मदत नव्हे.

जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या जंगलात शोध वनखात्याशिवाय सुरू करू नका. परवानगी लागते हे एक कारण झालं. मुख्य कारण अस्वल आणि गवा. चारपेक्षा कमी माणसांची टोळी नको, अंधारानंतर नको. गवळी-धनगर वाड्यातला एक तरी वाटाड्या बरोबर हवा, त्याला पायवाटा आणि पाण्याच्या जागा माहीत असतात. रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ आधी ठरवून द्या. त्या वेळेला न आलेल्या टोळीसाठी दुसरी टोळी तयार ठेवा. मोजून पाठवायचं, मोजून घ्यायचं.

मोबाइल बरोबर नेला असेल तर सगळ्या पाहुण्यांनी मिळून रिंगा देऊन त्याची बॅटरी संपवू नये. एकाच नंबरवरून, अर्ध्या तासाने एकदा, आणि मधे एक एसएमएस. त्या फोनचं गूगल खातं घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडता येत असेल तर जागा दिसू शकते. पासवर्ड आठवत नाही म्हणून बदलू मात्र नका, त्या फोनवरून खातं बाहेर पडतं आणि जागा दिसायची बंद होते. कंपनीकडून टॉवरची माहिती पोलीसच मागवू शकतात. ती मिळाली तरी तिचा अर्थ लावताना सावध: चंदगडचा टॉवर दाखवला म्हणजे माणूस चंदगडला गेला असं नाही, सीमेलगतच्या माळावर बसलेल्याचाही फोन तो टॉवर पकडतो. गावाकडचा टॉवर कित्येक किलोमीटरचा परिसर धरतो, त्यावरून घर सापडत नाही.

एसटी आणि बस. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत, ओळखपत्र दाखवलं की शून्य रकमेचं तिकीट मिळतं. चांगली सोय आहे, पण शोधाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘तिच्याकडे पैसे नव्हते, लांब जाणार नाही’ हा जुना अंदाज आता बाईच्या बाबतीत चालत नाही. आधार कार्ड घरातून गेलंय का ते आधी बघा. गेलं असेल तर विजयपूर, बिदर, बेंगळूरूपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. डेपोत कंट्रोलरला वेळ सांगून त्या वेळच्या गाड्यांच्या कंडक्टरांशी बोलता येतं, आणि ते त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी त्यांना हजार चेहऱ्यांतला एक आठवत नाही. यात्रेचे दिवस असतील तर सौंदत्ती आणि चिंचलीकडे माणूस पाठवा. रेल्वे असेल तर लोंढा, बेळगाव, घटप्रभा आणि मिरज ही चार ठाणी.

सीसीटीव्ही दुकानदार दाखवतात, नाही असं नाही. पण डीव्हीआरमधलं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातलं, घड्याळ बऱ्याच वेळा चुकीचं असतं, वीस मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत. पडद्यावरच्या वेळेसमोर आपला मोबाइल धरून एक फोटो काढा आणि फरक वहीत लिहा. नाहीतर सहा वाजता गेलेला माणूस तुम्ही सात वाजता शोधत बसता आणि ‘या रस्त्याने गेलाच नाही’ म्हणून एक दिशा कायमची सोडून देता. छोट्या दुकानातलं रेकॉर्डिंग आठ-पंधरा दिवसांत पुसलं जातं, म्हणून लागणारा भाग पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

व्हॉट्सअॅपवर काय टाकायचं हा प्रश्न हमखास येतो. मेसेज असा असावा:

‘बेपत्ता. वय ७४, उंची साडेपाच फूट, सावळा रंग, टक्कल, उजव्या पायाने लंगडतात. पांढरा सदरा, धोतर, काळी टोपी. मंगळवार, तारीख अमुक, पहाटे ४ ते ६ च्या दरम्यान अमुक गाव, ता. खानापूर येथून. मराठी बोलतात, कन्नड थोडं समजतं. विसर पडलेला आहे, घाबरतात; ओरडू नका, धरू नका, बसवून पाणी द्या आणि फोन करा. अमुक पोलीस ठाणे, नंबर अमुक. गावचा नंबर अमुक. गुरुवारी रात्रीनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.’

वरती कन्नडमध्ये ‘काणेयागिद्दारे’ (बेपत्ता आहेत) हा शब्द मोठ्या अक्षरात. फोटो लग्नातला फेटा बांधलेला नको, रोजच्या कपड्यातला हवा. नंबर दोनच. तारीख आणि मुदत नसलेला मेसेज माणूस सापडल्यावरही वर्षभर फिरतो. एक खूण मुद्दाम लिहू नका: म्हातारीच्या हातावरचं गोंदण, पाठीवरचा डाग, कमरेचा करदोडा, काहीही एक. ‘सापडलेत, गाडीभाड्याला तीन हजार टाका’ असे फोन येतात, जवळजवळ प्रत्येक वेळेला. त्यांना ती खूण विचारायची आणि माणसाला जवळच्या ठाण्यात नेऊन बसवायला सांगायचं. खरा माणूस ते आनंदाने करतो.

मूल हरवलं असेल तर गावावर आणखी एक जबाबदारी येते, आणि माझ्या मते ती शोधाइतकीच मोठी आहे. २०१८ च्या जुलैमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भटक्या माणसांना जमावाने मारलं, आणि त्याच महिन्यात कर्नाटकात बिदर जिल्ह्यात एका तरुणाला. आपल्याकडे तर रोज तीन-चार भाषा बोलणारे फेरीवाले, डवरी गोसावी, तोडकरी येत-जात असतात. अनोळखी माणसाचा संशय आला तर त्याला पंचायतीच्या कचेरीत बसवून दोन जबाबदार माणसं दाराशी उभी करायची, ११२ ला फोन करायचा आणि व्हिडिओ काढणाऱ्यांचे मोबाइल खिशात घालायला लावायचे. हे काम ग्रामपंचायत अध्यक्ष आणि पंचांचं आहे आणि ते शोध सुरू होतानाच त्यांना नेमून द्यायला हवं. उलट बाजूने, एकटं चुकलेलं मूल कुणाला सापडलं तर बालन्याय कायद्याप्रमाणे ते २४ तासांच्या आत पोलिसांना किंवा १०९८ ला कळवणं बंधनकारक आहे. ‘चार दिवस आपल्याकडे राहू दे, आईबाप येतील’ हा चांगुलपणा कायद्याला चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरुण मुलगी, सून, किंवा कर्जाच्या वसुलीला कंटाळून गेलेला कर्ता पुरुष असेल तर गावाने हात आवरता घ्यावा. १८ वर्षांवरचा माणूस स्वतःच्या मर्जीने गेला असेल तर पोलीस त्याचा जबाब घेऊन सुखरूप असल्याचं कळवतात. पत्ता सांगायचा की नाही हे त्याच्यावर असतं. पंचांनी ‘परत आणा’ म्हणून बैठक बसवणं, मुलीचा फोटो ‘पळून गेली’ म्हणून फिरवणं, फायनान्सवाल्यांना ठावठिकाणा सांगणं यातून माणूस जास्त लांब जातो. दहावी-पीयूसीच्या (बारावीच्या) निकालादिवशी गेलेल्या पोराचं मात्र वेगळं. तिथे वेळ अगदी थोडा असतो. विहिरी, रेल्वेरूळ, घरचं शेत, कीटकनाशकाचा डबा ही जागांची यादी पहिल्या तासात, आणि मित्रांना आईबापांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन विचारायचं. घरच्यांना आधार द्यायला १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं.

तीन दिवस झाले की गाव थकतं. हे होणारच, त्याला दोष देऊ नये. त्यापुढे रोज दोनच माणसं, पाळीने. एक पोलिसांकडे आणि रुग्णालयांत: बेळगावचं बिम्स, कोल्हापूरचं सीपीआर, मिरजेचं सिव्हिल, गोव्याचं बांबोळी. शवागारात आईला किंवा बायकोला पाठवू नका; खुणा लिहिलेला कागद घेऊन दोन नातलग जातील. दुसरा माणूस निराश्रित केंद्रं आणि मनोरुग्णालयं बघेल. भटकताना सापडलेला, नाव न सांगणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी धारवाडच्या डिमान्समध्ये, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीला असू शकतो, आणि तिथे त्याची भाषा न कळल्यामुळे पत्ता लागत नाही. मराठी बोलणारा म्हातारा धारवाडला आणि कन्नड बोलणारी म्हातारी रत्नागिरीला, असा उलटा प्रकार सीमाभागात सहज होतो. महिन्यातून एकदा फोन करत राहायचं. मूल चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे गेला का, हे लेखी विचारायचं. मोठ्या माणसाबाबत सात वर्षं काहीच खबर नसेल तर कोर्टातून मृत्यू गृहीत धरून घेता येतो. उताऱ्यावरची नावं, पेन्शन, विमा यासाठी पहिल्या दिवसाची पोचपावती तेव्हा लागते.

सापडल्यावर. तीन दिवसांच्या उपाशी माणसाला भाकरी-भाजी भरवू नका. शुद्धीवर असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी, घोट-घोट. भिजलेला असेल तर ओले कपडे काढून घोंगडी. हातपाय चोळायचे नाहीत, दारू पाजायची नाही. पडलेल्या जागी मोडतोड वाटली तर उचलू नका, १०८ ची रुग्णवाहिका येऊ दे. ‘कुठे गेला होतास’ हा प्रश्न त्या दिवशी नको आणि फोटो तर नकोच. मूल असेल आणि काही अत्याचाराचा संशय असेल तर फोटो किंवा नाव फिरवणं हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवून नोंद बंद करा, सगळ्या टोळ्या परत आल्या का वहीत बघा, आणि ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला त्या प्रत्येकावर ‘सापडले’ टाका.

विसर वाढलेला माणूस एकदा बाहेर पडला की पुन्हा पडायची शक्यता दाट असते, म्हणून त्या आठवड्यातच तीन गोष्टी करून घ्या. दाराला कडी वरच्या बाजूला आणि तिला बैलाच्या गळ्यातली घुंगराची माळ, म्हणजे पहाटे आवाज होईल. दर पंधरा दिवसांनी रोजच्या कपड्यातला एक फोटो, चपलेच्या तळासकट. आणि सदऱ्याच्या, बनियनच्या आतल्या शिवणीला कापडाची पट्टी, त्यावर धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने गावाचं नाव आणि दोन नंबर, मराठीत आणि कन्नडमध्ये. खिशातलं कार्ड ते काढून टाकतात, बनियन सहसा अंगावर राहतो.